गुरुवारची पालकसभा

शालूताई गेल्याची बातमी मला तिच्याच फोनवरून आली. रविवारची सकाळ होती. सांबारवड्या करायच्या म्हणून मी अंगणातल्या उन्हात सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी निवडत बसले होते. फोनवर तिचं नाव दिसलं आणि मला वाटलं, आली शुद्धीवर. "बोल वं," मी म्हणाले, आणि पलीकडून तिच्या मुलीचा, प्रांजलचा आवाज आला. "काकू, मी प्रांजल बोलतो. आई गेली सकाळी." एवढंच म्हणून ती थांबली. रडली नाही. मागे कुणीतरी रडत होतं, बहुतेक तिची आजी. मग तीच मला म्हणाली, "तुम्ही सावकाश या. ओंकारले संग आणा." ओंकार म्हणजे माझा मुलगा, तिच्याच वर्गातला. दोन दिवसांपूर्वी हिंगण्याच्या कारखान्यात पॅकिंगच्या टेबलापाशी उभी असताना शालूताईला चक्कर आली होती. मेंदूत रक्तस्राव झाला होता. आदल्या संध्याकाळी मी दवाखान्यात तिला पाहून आले होते. डॉक्टरांनी काही आशा दिली नव्हती, मी आपली माझ्यापुरती थोडी घेऊन आले होते. चव्वेचाळीस वर्षांची होती ती. माझ्याहून दोन वर्षांनी लहान.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. या दिवसांत किती जणांनी विचारलं, "तुमची कोण होती?" मला पटकन उत्तर देता येत नाही. नात्यातली नाही, शेजारची नाही, ऑफिसातली नाही. "आम्ही पालक-शिक्षक संघात एकत्र होतो," असं सांगितलं की समोरचा "अच्छा" म्हणतो आणि दुसरा विषय काढतो. अशा नात्याला भेटायला कुणी येत नाही, त्याचं सुतक नसतं. म्हणून हे लिहायला बसले.

आमच्या भागात दोन मराठी शाळा अगदी शेजारी-शेजारी होत्या, मधे कमरेएवढी भिंत. एक काळ्या दगडाची, म्हणून तिला सगळे दगडी शाळा म्हणत. माझे सासरे तिथं शिकले, नवरा शिकला, आणि सात वर्षांपूर्वी माझा ओंकार तिथं तिसरीत होता. आमची माणसं भोसल्यांच्या काळापासून इथली, कचेऱ्यांमधून कारकुनी करत आलेली. मीही सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी कार्यालयात लिपिक आहे. भिंतीपलीकडची शाळा एका जुन्या मास्तरांनी रेल्वेफाटकापलीकडच्या वस्तीतल्या मुलांसाठी काढलेली. वर पत्रे होते, आणि पत्र्याला आम्ही टिन म्हणतो, म्हणून ती टिनाची शाळा. दोन्हीकडची मुलं हळूहळू इंग्रजी शाळांत चालली होती. शेवटी दोन्ही संस्थांनी मिळून ठरवलं की जूनपासून एकच शाळा भरेल, दगडी इमारतीत. आमच्याकडे शाळा जूनच्या शेवटी उघडतात, तोवर वर्गांचं आणि शिक्षकांचं कागदोपत्री जमलं होतं. राहिलो आम्ही पालक. दोन शाळांचे दोन पालक-शिक्षक संघ होते, त्यांचा एक करायचा होता. आमच्या संघाचे अध्यक्ष एक निवृत्त वकील होते, त्यांची नात आमच्या शाळेत होती. त्यांना सगळे वकीलसाहेबच म्हणत. सचिव मी. टिनाच्या शाळेच्या संघाची अध्यक्ष होती शालिनी मेश्राम, म्हणजे शालूताई.

पहिली एकत्र बैठक आमच्या सभागृहात झाली. एका बाजूला आम्ही बसलो, दुसऱ्या बाजूला ते. कुणी तसं सांगितलं नव्हतं. सभागृहात एकच कूलर होता आणि तो आमच्या बाजूला होता. मला ते दिसलंही नव्हतं, पुढं कधीतरी तिनंच हसत सांगितलं. मुख्याध्यापिकांचं, आमच्या मोठ्या बाईंचं, स्वागताचं बोलून झालं आणि आमच्यातली एक आई उठली. "मुलांना सुरुवातीला वेगळं-वेगळं बसवता येणार नाही का? म्हणजे... स्वच्छतेचा प्रश्न असतो. उवा वगैरे." मोठ्या बाई चष्मा पुसायला लागल्या. मला त्या आईचा राग आला, पण खरं सांगायचं तर तिनं ते विचारलं याचं थोडं बरंही वाटलं. पलीकडच्या मागच्या रांगेतून शालूताई उभी राहिली. हिरवी सुती साडी, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, हातात जेवणाचा रिकामा डबा.

"उवा आहेत जी आमच्या पोरींच्या डोक्यात," ती म्हणाली. "माह्या पोरीच्या बी होत्या मागच्या महिन्यात. तुमच्या पोरींच्या नाही का?"

त्या बाई खाली बसल्या.

"नसन तर चांगलंच हाये. असन तर रविवारी संध्याकाळी या सगळ्याजणी. इथंच अंगणात बसून सगळ्याच पोरींची डोकी पाहू. फणी मी आणतो."

मागे कुणीतरी हसलं, मग आमच्याही बाजूचं कुणी हसलं. आणि ती खरंच त्या रविवारी फणी घेऊन आली. वस्तीतल्या सात-आठ आया आल्या, आमच्यातल्या दोघी. मी नव्हते गेले.

त्यानंतरच्या आठवड्यात वकीलसाहेबांनी मला बोलावलं. "वसुधाबाई, कार्यकारिणीची निवड करून टाकू. सोमवारी सकाळी अकराची नोटीस काढा."

"सोमवारी अकराला त्यांच्यातले किती येतील, साहेब?" मी विचारलं.

त्यांनी नोटिशीचा कागद माझ्यापुढं सरकवला आणि मी पेन उघडलं. इथं मला सांभाळून लिहायचं नाही. त्यांनी सांगितलं म्हणून मी लिहिलं, हे अर्धंच खरं आहे. मलाही तेच हवं होतं. सासऱ्यांची, नवऱ्याची शाळा माझ्या डोळ्यांदेखत दुसऱ्याच कुणाची होईल, अशी भीती माझ्या पोटात होती. त्या भीतीला मी 'शाळेचा दर्जा' असं नाव दिलं होतं. मी नोटीस दोन प्रतींत लिहिली, सुवाच्य, शीर्षकाखाली रेघ मारून. एक आमच्या फाटकावर लावली, दुसरी टिनाच्या शाळेच्या बंद दारावर. मला स्वतःला ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा काढायला दोन मिनिटं लागली.

सोमवारी आमचं सभागृह एका बाजूनं भरलेलं होतं. त्यांच्याकडचे चौघे होते. शालूताई रात्रपाळी करून कंपनीच्या बसमधून थेट शाळेत उतरली होती, डोळे लाल झालेले. हात वर करून निवड झाली. अकरा जणांत दहा आमचे आणि एक ती, साधी सदस्य. मी इतिवृत्तात 'सर्वानुमते' असं लिहिलं. शेवटी वकीलसाहेबांनी रीतीप्रमाणे विचारलं, कुणाला काही बोलायचं आहे का. ती उठली.

"नोटीस कोणं लिवली जी?"

"मी," मी म्हणाले.

तिनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, कुत्सितपणाही नव्हता. "अक्षर मस्त हाये तुमचं, मॅडम," ती म्हणाली, पिशवी उचलली आणि गेली.

तो आठवडा मला नीट गेला नाही. ऑफिसात कुणी माझ्या टिपणाकडे पाहिलं तरी अंगावर काटा यायचा. घरी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "झालं ते झालं, तू एकटीनं थोडंच केलं?" एकटीनं केलं नव्हतं, पण अक्षर माझं होतं. रविवारी संध्याकाळी मी रेल्वेफाटक ओलांडून वस्तीत गेले. इतकी वर्षं या शहरात राहून मी त्या बाजूला कधी पाय ठेवला नव्हता. दोन खोल्यांचं घर, भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली स्टुलावर प्रांजलची वह्या-पुस्तकं रचून ठेवलेली. शालूताई परातीत कणीक मळत होती. मला दारात पाहून तिचे हात थांबले.

"काहून आल्या मॅडम? प्रांजलनं काही केलं का शाळेत?"

"नाही, नाही. मी... ती नोटीस मी मुद्दाम तशी लिहिली होती. तुमची माणसं येऊ नयेत म्हणून." घरून निघताना खूप काही बोलायचं ठरवलं होतं, तोंडातून एवढंच निघालं.

"मले माहीत होतं," ती म्हणाली.

तिनं हात धुतले, चहा ठेवला. मी वाट पाहत राहिले की आता ती बोल लावेल, नाहीतर 'जाऊ द्या' म्हणेल. दोन्हीतलं काही झालं नाही. कप माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "चहा पिऊन घ्या. मंग चपला घाला. तुमाले लिवता येते, मले घरं माहीत हायेत."

त्या दिवशी आणि पुढच्या रविवारी आम्ही दोघी गल्ली-गल्लीतून फिरलो. ती दारात उभी राहून विचारायची, "मिटिंगले कधी येता येईन गा?" आणि मी वहीत लिहायची. बांधकामावर जाणारी नवरा-बायको, सकाळी सहाला घर सोडणारी. चार घरी धुणीभांडी करणाऱ्या बाया, ज्यांना अकरा वाजता दुसऱ्याच्या ओट्यापाशी उभं राहावं लागतं. कामठीच्या यंत्रमागावर जाणारे एक गृहस्थ, रोज शेअर ऑटोनं. ते म्हणाले, "माह्या पोरीचे मास्तर मी अजून पाह्यले नाहीत." एका आजीनं मला साखर हातावर घालून आत बसवलं आणि म्हणाली, "आमाले कोणी इचारलंच नाही वं कधी. चिठ्ठी येते, वाचून घेतो, ठेवून देतो." कामठीचं नाव निघालं तेव्हा शालूताईनं आपलं माहेर सांगितलं. वडील तिथंच मागावर होते, ती सातवीपर्यंत शिकली आणि वडील गेल्यावर शाळा सुटली. तिचे आजोबा दीक्षा घ्यायला कामठीहून नागपूरला पायी आले होते, हेही तिनं चालता-चालताच सांगितलं, जसं आपण घरातल्या लग्नाचं सांगतो. वहीतल्या खुणा मोजल्या तेव्हा बहुतेकांची सोय रविवारी संध्याकाळी पाच वाजताची निघाली. "आणि तुमचं?" मी तिला विचारलं. "माहं काय, मी येतो," ती म्हणाली. मी तिच्या नावापुढंही खूण केली.

वही घेऊन मी वकीलसाहेबांकडे गेले. ते चिडले नाहीत, पण म्हणाले, "वसुधाबाई, झालेली निवड रद्द करायला कारण लागतं." मी म्हणाले, "कारण मी सभेत सांगते." रविवारी पाचला सभागृहात उभं राहायला जागा नव्हती. माणसं खिडक्यांबाहेर होती. मी उभी राहिले आणि सांगितलं की सोमवारची वेळ मी जाणूनबुजून टाकली होती, टिनाच्या शाळेच्या पालकांना येता येऊ नये म्हणून, त्यामुळं ती निवड खरी नाही. वकीलसाहेबांचं नाव मी घेतलं नाही. मी खाली बसले. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि वकीलसाहेब उठले. "वेळ टाका म्हणून सांगणारा मी होतो," ते म्हणाले आणि बसले. त्या माणसाचे कान लाल झालेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

नवीन निवड झाली, निम्मे-निम्मे. मला त्याची झळ बसली. माझी शाळेपासूनची एक मैत्रीण होती, तिनं त्याच महिन्यात मुलीला दुसऱ्या शाळेत घातलं आणि मला म्हणाली, "तू आता आमच्यातली राहिली नाहीस." ते दुखलं. थोडं अजूनही दुखतं. पण त्या सभेत शालूताईला अध्यक्ष करा असं दोन्ही बाजूंनी म्हटलं गेलं, हेही मी माझ्या कानांनी ऐकलं. ती तयार झाली नाही. "अध्यक्ष वकीलसाहेबच राहू द्या. त्याईले साहेब लोकाइशी बोलता येते. मले पोरींच्या संडासाचं पाहाचं हाये." शाळेत मुलींच्या संडासाला ना धड कडी होती ना पाणी. आमच्या मुली इतकी वर्षं घरी येईपर्यंत कळ काढायच्या, आणि आम्ही दर्जाच्या गोष्टी करत होतो.

त्या संडासाच्या अर्जापासून वकीलसाहेबांची आणि तिची जोडी जमली. ती पाळी सुटली की संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन बसायची. ते मजकूर सांगायचे, मी लिहायची, आणि ती मधेच अडवायची.

"साहेब, हे 'तदनुषंगाने' म्हणजे काय जी?"

"म्हणजे... त्यामुळे."

"मंग त्यामुळे लिवा ना."

वकीलसाहेब माझ्याकडे पाहायचे, मी खाली मान घालून खोडायची. पुढं तर ते स्वतःच लिहिलेलं तिला आधी वाचून दाखवायचे आणि तिचा चेहरा बघायचे. कड्या बसल्या, पाण्याची टाकी आली, आणि दर महिन्याला ती स्वतः जाऊन नळ उघडून पाहायची. ती हट्टी होती, हेही लिहायला हवं. एकदा स्नेहसंमेलनाच्या तारखेवरून आमचं इतकं वाजलं की महिनाभर ती माझ्याशी फक्त कामापुरतं बोलली. तिच्या म्हणण्यात तथ्य होतं, पण तिचा आवाज चढला की समोरच्याला तथ्य ऐकू यायचं नाही.

मोठ्यांचं असं मार्गी लागत असताना मुलांचं वेगळंच चाललं होतं. एकदा प्रांजल चार दिवस शाळेत आली नाही. मी ओंकारला विचारलं तर तो घुटमळला. मुलं टिनाच्या शाळेतून आलेल्यांना 'टिनवाले' म्हणत होती आणि त्यात माझा मुलगा पुढं होता. मी त्याला हाताला धरून शालूताईकडे नेलं. वाटलं होतं, ती त्याला रागावेल. तिनं त्याच्यापुढं चिवड्याची ताटली ठेवली आणि विचारलं, "काहून म्हणता गा तुमी टिनवाले?"

"टिनाच्या शाळेतून आले म्हणून."

"मंग तू दगडवाला का?"

ओंकारला हसू आलं. तिनं प्रांजलला आतून हाक मारली. "सांग वं त्याले, तुमच्या शाळेत काय काय होतं." प्रांजल आधी बोलेना. मग हळूहळू सांगायला लागली. टिन तापलं की बाई कडुनिंबाखाली वर्ग घ्यायच्या. कार्यालयाच्या कपाटात मांजर व्यालं होतं, आणि पिल्लांचे डोळे उघडेपर्यंत कुणी ते कपाट वापरलं नाही, हजेरीपट सुद्धा खिडकीत ठेवायचे. ओंकारचा घास हातातच राहिला. घरी येताना तो मला म्हणाला, "आमच्या शाळेत मांजर का नाही?" लगेच सगळं बदललं असं नाही. मुलं आणखी महिना-दोन महिने तसं म्हणतच होती. पण प्रांजल दुसऱ्या दिवशी शाळेत आली.

मग कोरोनाची वर्षं आली. शाळा बंद, अभ्यास फोनवर, आणि वस्तीत घरटी एक फोन, तोही बाप कामावर घेऊन जाणार. पहिली लाट ओसरल्यावर शालूताई माझ्या फाटकाशी येऊन उभी राहिली, तोंडाला ओढणी बांधलेली. "तुमच्या ओसरीत दोन पोरं बसू शकतात का? लांब-लांब?" तिनं कागदावर जोड्या लावूनच आणल्या होत्या. कुणाच्या घरी सकाळी फोन मोकळा असतो, कुणाला ओसरी आहे, कुणाचं पोर कोणाच्या वर्गात आहे, सगळं. माझ्या ओसरीत स्टुलावर फोन टेकवून ठेवलेला असायचा, एका टोकाला ओंकार आणि दुसऱ्या टोकाला प्रांजल. मी आतून पोळ्या करता-करता दोघांचे पाढे ऐकायची. हळूहळू पंधरा-वीस घरांच्या ओसऱ्यांवर अशी पोरं बसू लागली. पहिल्या सभेत उवांबद्दल विचारणाऱ्या त्या बाईंनी मला स्वतःहून फोन केला, "आमच्याकडे दोघं बसतील, पंखा आहे." मी शालूताईला ते सांगितलं तेव्हा ती नुसतं "बरं झालं" म्हणाली. त्या दिवसांत एकदा निघताना ती सहज म्हणाली, "येतो वं." तोवर मी 'मॅडम' होते, फार तर 'ताई'. मैत्रिणीला लावतात तसला तो 'वं' मी दिवसभर कामात असताना मनात घोळवत होते. कुणी दागिना दिला असता तरी इतकी सुखावले नसते.

सात वर्षांत सभा कधी रिकामी गेली नाही, त्याचं श्रेय तिच्या फोनचं. आमचा व्हॉट्सअ‍ॅपचा गट होता, मी त्यावर नोटीस टाकायची. तिचा त्यावर विश्वास नव्हता. "मेसेजले लोक अंगठा दाखवतात अन् येत नाहीत," म्हणायची. ती प्रत्येकाला फोन करायची, कंपनीच्या बसमध्ये बसून, एकेक करून. पोरगी बरी आहे का, सासूचं ऑपरेशन झालं का, आणि मग शेवटी, "रविवारी पाच वाजता. येजा." स्वतःची मात्र हेळसांड. रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या की चार-चार दिवस आणायची नाही. मी ओरडले की म्हणायची, "आणतो ना, तू काहून डोकं खाऊन राह्यली." मी आणखी ओरडायला हवं होतं, असं आता वाटतं. पण असं सगळ्यांनाच वाटतं.

अंत्ययात्रेच्या दिवशी तिच्या दारापुढची गल्ली पांढऱ्या कपड्यांनी भरून गेली होती. बुद्धवंदना चालू होती. वकीलसाहेब आता ऐंशीच्या पुढं गेलेत, ते काठी टेकत आले आणि कुणी खुर्ची दिली तरी बसले नाहीत. प्रांजलचे वडील दाराशी बसले होते. ओंकार प्रांजलच्या शेजारी उभा होता, दोघंही आता दहावीत. कंपनीच्या बसमधून तिच्याबरोबरच्या बायका आल्या होत्या. त्यातली एक, मंदा, माझ्याजवळ आली. "तुमी वसुधाताई ना? ती खूप सांगे तुमचं." मग डोळे पुसत म्हणाली, "आता मिटिंगच्या रविवारी माही पाळी कोणी मागणार नाही."

मला कळलं नाही. मग तिनं समजावून सांगितलं. त्यांची कंपनी रविवारी चालू असते, सुट्टी गुरुवारी. सभेच्या रविवारी शालूताईची दुसरी पाळी आली की ती मंदाशी बदलून घ्यायची. पहाटेची पाळी करायची, दुपारी परत यायची आणि पाचला सभेत हजर व्हायची. मंदाची दुसरी पाळी मग नंतर कधीतरी भरून द्यायची.

"सात वर्षं?" मी विचारलं.

"एकबी मिटिंग नाही सोडली तिनं. मी म्हणलं होतं तिले, सांगून पाह्य ना त्याईले गुरुवारचं. तर म्हणे, सगळ्याइची सोय रविवारची निघाली, माह्या एकलीसाठी काय बदलाचं."

मी तिथंच भिंतीला टेकून उभी राहिले. सगळ्या वस्तीला आम्ही दारोदार जाऊन विचारलं होतं की तुमची सोय कधीची. वही माझ्या हातात होती. तिचं उत्तर मी ऐकून घेतलं होतं आणि पुढं काही विचारलं नव्हतं. इतक्या रविवारी ती माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली, आणि तिला सुट्टी आहे असंच मी समजत राहिले.

चार दिवसांनी वकीलसाहेबांचा फोन आला. "शोकसभेची नोटीस काढा, येत्या रविवारची." मी त्यांना मंदानं सांगितलेलं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "गुरुवारी घ्या. चार वाजता."

"ऑफिसवाले कसे येतील, साहेब? आणि बांधकामावरची माणसं?"

"विचारून पाहा," ते म्हणाले.

मी वस्तीत जाऊन विचारलं. "तिच्यासाठी एक दिवस खाडा करू जी," एक जण म्हणाला, आणि मग बाकीच्यांना विचारायची गरज उरली नाही. ऑफिसात मी रजेचा अर्ज दिला, कारणाच्या जागी 'पालकसभा' लिहिलं. आमचे साहेब म्हणाले, "पालकसभा गुरुवारी?" मी म्हणाले, "एका पालकांची सुट्टी गुरुवारी असते."

गुरुवारी चारच्या आधीच सभागृह भरलं. बँकेतले, कचेरीतले, शिक्षक, दुकानं बंद करून आलेले. मंदा आणि तिच्या बरोबरच्या बायका. कोण कोणत्या बाजूला बसलं आहे, हे पाहायचं माझ्या लक्षातही आलं नाही. वकीलसाहेब बोलायला उठले, दोन वाक्यं बोलले आणि बसले. मोठ्या बाईंनी प्रांजलला विचारलं, तुला काही बोलायचं आहे का. आम्हाला वाटलं, ती नाही म्हणेल. ती पुढं आली. माईक तिनं बाजूला सरकवला.

"आईले गुरुवारी सुट्टी राहे," ती म्हणाली. "जेवण झालं का ती दुपारी झोपे. आठवड्यातून तेवढंच. त्या वेळात मी अन् बाबा घरात हळू बोलत होतो. टीव्ही नाही लावत होतो." तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "आता तिची झोपाची वेळ हाये. म्हणून मी जास्त नाही बोलत. तुम्ही सगळे आले, तिले बरं वाटलं असतं."

ती जाऊन ओंकारच्या शेजारी बसली. आम्ही दोन मिनिटं उभे राहिलो. सभा संपल्यावर नेहमीसारख्या खुर्च्या उचलून कोपऱ्यात रचायच्या होत्या. त्या लोखंडी खुर्च्या फरशीवर ओढल्या की फार आवाज करतात, आणि एरवी आम्ही सगळे ओढतच नेतो. त्या दिवशी कुणी ओढली नाही. दोघा-दोघांनी मिळून एकेक खुर्ची उचलली, भिंतीपाशी नेली आणि हलक्या हातानं खाली ठेवली.